वाफेची बोट, युरेनियमची भट्टी

जगातली पहिली अणुपाणबुडी 'नॉटिलस' समुद्रात जायच्या आधीच अडली, ती एका पाइपापायी. सप्टेंबर १९५४. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या ग्रॉटनच्या गोदीत ती धक्क्याला बांधलेली होती, चाचण्या चालू होत्या, आणि वाफेचा एक बारीक पाइप फुटला. तपासात निघालं की सीमलेस पाइपाच्या जागी शिवण असलेला, कठड्याच्या खांबांना वापरतात तसला पाइप बसवला गेला होता. आता असला पाइप आणखी कुठे कुठे बसलाय, हे कोणालाच छातीठोक सांगता येईना. मग त्या मापाचे संशयातले सगळे पाइप उपटून नवे घातले गेले. अणुभट्टीच्या नावानं बोटं मोडायला टपलेल्यांची त्या दिवशी निराशाच झाली असेल.

ही हकिगत वाचली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. माझी नोकरी व्यापारी जहाजांवरच्या वाफेत गेली. सत्तरच्या दशकातले मोठे तेलवाहू टँकर, दोन बॉयलर, टर्बाइन, आणि दिवसाला दीडशे टनांवर फर्नेस ऑइल. अणुपाणबुडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी गूढ निळा उजेड येतो. मला दिसतो तो फीडपंप, कंडेन्सर, टर्बाइन आणि रिडक्शन गिअर. अणूनं पंखा फिरत नाही. अणू पाणी तापवतो, पाण्याची वाफ होते, पुढचं सगळं आमच्याच खात्यातलं. बदलली ती फक्त भट्टी, आणि भट्टीत काय जळतं ते. पण आरमारांचा सगळा इतिहास त्या 'फक्त'मध्येच भरलेला आहे.

माझे आजोबा दापोली तालुक्यातले, बी.आय. (ब्रिटिश इंडिया) कंपनीच्या बोटींवर आगवाला. इंजिनखात्याची तेव्हाची उतरंड खलाशांच्या बोलीत अशी होती: वर सारंग, मग टिंडल, मग तेलवाला, आगवाला, आणि तळाला कोळसेवाला. कोळसेवाल्यानं बंकरातून कोळसा ओढून आणायचा. आगवाल्यानं तो फावड्यानं भट्टीत पसरून टाकायचा, लांब सळईनं जाळ मोकळा करायचा, खडे आणि राख बाहेर ओढायची. तांबड्या समुद्रात भट्टीचं दार उघडलं की हातावरचे केस जळून जात, असं आजोबा सांगत. आणि दार तर सारखं उघडावंच लागे.

आरमारांचं राजकारणही त्याच दारापाशी अडकलेलं होतं. कोळसा संपला की बंदर गाठणं आलं, म्हणून इंग्रजांना एडन हवं होतं. १८३९ मध्ये घेतलेलं ते बंदर पुढे कोळशाचं मोठं ठाणं झालं. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश आरमार तेलाकडे वळलं तेव्हा आगवाल्यांची संख्या घटली, वेग वाढला, आणि कोळसा वेल्समध्ये भरपूर असूनही तेल मात्र इराणातून आणायची पाळी आली. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारनं अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत निम्म्याहून अधिक हिस्सा घेतला तो यापायी. इंधन बदललं की नकाशा बदलतो.

पाणबुडीची अडचण याहून वेगळी होती. कोळसा असो की तेल, जळायला हवा लागते, आणि पाण्याखाली हवा नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्या खरं तर वेळप्रसंगी बुडी मारणाऱ्या बोटीच होत्या. वर डिझेलवर चालायचं, बॅटऱ्या भरायच्या, खाली गेलं की त्या बॅटऱ्यांवर रांगायचं. खाली जोरात पळालं तर तास-दोन तासांत बॅटरी रिकामी. हवेशिवाय जळणारी भट्टी मिळाली तर काय होईल, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नव्हता. ती बनवणार कोण, हा प्रश्न होता.

ती बनवून घेतली हायमन रिकोव्हर या माणसानं. जन्म १९०० चा, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या पोलंडमधल्या एका ज्यू कुटुंबातला. लहानपणीच अमेरिकेत आला. लढाऊ अधिकारी म्हणून त्याचं फारसं नाव नव्हतं, महायुद्धात तो आरमाराच्या विद्युत खात्याचा प्रमुख होता. १९४६ मध्ये त्याला ओक रिजच्या अणुकेंद्रात अणुविज्ञान शिकायला पाठवलं आणि तिथून तो याच एका कामाला चिकटला, तो १९८२ मध्ये वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी जवळजवळ ढकलून बाहेर काढेपर्यंत. त्याच्या मुलाखतींच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत. उमेदवाराच्या खुर्चीचे पुढचे पाय थोडे कापलेले असत, म्हणजे तो सारखा पुढे घसरत राही. असल्या साहेबाच्या हाताखाली मी एक महिनाही टिकलो नसतो. पण पाइपांच्या बाबतीत मात्र मी त्याच्याच बाजूचा.

रिकोव्हरनं एक विचित्र वाटणारी गोष्ट केली. समुद्रापासून शेकडो मैल दूर, आयडाहोच्या वाळवंटात, त्यानं पाणबुडीचा तुकडा उभारला. खराखुरा पोलादी कवच असलेला भाग, आत भट्टी आणि इंजिन, आणि भट्टीच्या भागाभोवती समुद्र म्हणून पाण्याची प्रचंड टाकी. प्रयोगशाळेत ऐसपैस मांडणी करून मग ती बोटीत कोंबायची, हे त्याला मान्य नव्हतं. पहिल्यापासून बोटीच्या मापातच बांधा, असा त्याचा हट्ट. ३० मार्च १९५३ ला त्या भट्टीत अखंड विखंडन सुरू झालं. जूनमध्ये पूर्ण ताकदीची चाचणी सुरू झाली. २४ तास पार पडले तेव्हा इंजिनिअर आनंदानं थांबवायला निघाले, आणि रिकोव्हर म्हणाला, चालू ठेवा. भिंतीवर अटलांटिकचा नकाशा लावून वाळवंटातल्या त्या बोटीची वाटचाल रेघेनं दाखवत नेली. बारीकसारीक कुरबुरी झाल्या, पण शंभर तासांच्या आसपास ती चालली आणि नकाशावर आयर्लंडला पोचली.

आता भट्टीच्या पोटात काय असतं ते. युरेनियमच्या पातळ पत्र्यांवर झिर्कोनियम या धातूचं अस्तर. त्यांच्या मधून पाणी फिरतं, शंभराहून अधिक पट वातावरणाच्या दाबाखाली, म्हणून ते उकळत नाही. हे तापलेलं पाणी दुसऱ्या एका भांड्यातल्या नळ्यांतून जातं आणि बाहेरच्या वेगळ्या पाण्याची वाफ करतं. किरणोत्सर्गी पाणी आतल्या फेऱ्यातच राहतं, टर्बाइनला जाते ती स्वच्छ वाफ. झिर्कोनियम निवडलं कारण ते न्यूट्रॉन गिळत नाही आणि गरम पाण्यात गंजत नाही. पण निसर्गात त्याच्यासोबत हाफ्नियम नावाचा भाऊ कायम मिसळलेला सापडतो, आणि तो भाऊ न्यूट्रॉनचा मोठा खादाड. दोघांना वेगळं करणं हे तेव्हा महागडं, किचकट काम होतं. वेगळं करून टाकून द्यायचं ते हाफ्नियम फुकट गेलं नाही, 'नॉटिलस'च्या नियंत्रण दांड्या त्याच्याच केल्या. ज्यानं काम बिघडवलं असतं त्यालाच लगाम म्हणून लावला. मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

एक गोष्ट ऐकून आमच्या पिढीचे इंजिनिअर नाक मुरडतात. या भट्टीची वाफ हलकी असते. माझ्या टँकरच्या बॉयलरमधून वाफ पाचशे अंशांच्या वर तापून, कोरडीठाक होऊन यायची. 'नॉटिलस'ची वाफ ओलसर, कमी तापलेली, आजोबांच्या काळाला शोभेल अशी. जगातलं सर्वांत आधुनिक इंधन आणि वाफ मात्र जुनाट! पाण्याला उकळू द्यायचं नाही म्हटलं की तापमानाला मर्यादा येतेच. या एका उणिवेवर उपाय शोधण्याच्या मोहात अनेक हुशार माणसं पडली.

अमेरिकेची दुसरी अणुपाणबुडी 'सीवुल्फ' त्या मोहातून जन्मली. तिच्या भट्टीत पाण्याऐवजी वितळलेलं सोडियम फिरायचं. सोडियम दाबाशिवायच खूप गरम होतं, वाफ चांगली कोरडी मिळते. फक्त सोडियम आणि पाणी एकमेकांना भेटले की भडका उडतो, आणि वाफ बनवायच्या भांड्यात त्यांच्यामध्ये असतो नळीचा एक पातळ पडदा. वर पाणबुडीच्या चहूबाजूंनी समुद्र. 'सीवुल्फ' १९५७ मध्ये आरमारात आली, पण सुपरहीटरमधल्या गळत्यांनी तिला पुरती ताकद कधी मिळूच दिली नाही. दोन वर्षांच्या आत रिकोव्हरनं ती भट्टी काढून पाण्याची बसवायला लावली. काढलेली भट्टी १९५९ मध्ये डेलावेअरच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकच्या तळाशी बुडवली. तेव्हा असं करण्यात कोणाला वावगं वाटत नव्हतं.

सोव्हिएत लोकांनी हा मोह आणखी पुढे नेला. त्यांनी शिसं आणि बिस्मथ यांचं मिश्रण घेतलं, जे पाण्याशी भांडत नाही. या भट्टीच्या टायटॅनियमच्या 'लिरा' जातीच्या पाणबुड्या ताशी ४० नॉटच्या वर पळत, म्हणजे तेव्हाचे बरेचसे टॉर्पेडो त्यांना गाठायला धापा टाकत. पण हे मिश्रण सव्वाशे अंशांच्या खाली आलं की थिजलेल्या तुपासारखं नळ्यांत बसतं, आणि मग भट्टी कायमची गेली. त्यामुळे धक्क्यावर बांधलेल्या बोटीलाही बाहेरून वाफ देऊन सतत ऊब द्यावी लागे. माझ्या अनुभवात बंदरातली वाफेची सोय म्हणजे आज आहे, उद्या नाही. पंपावरचा माणूस जेवायला गेला की दाब उतरलाच. एका बोटीचं मिश्रण १९७२ मध्ये खरंच गोठलं. त्याआधी १९६८ मध्ये अशाच भट्टीच्या 'के-२७' या बोटीत अपघात होऊन नऊ माणसं किरणोत्सर्गानं गेली. ती बोट पुढे कारा समुद्रात बुडवली गेली.

पाण्याच्या भट्ट्याही निर्दोष नव्हत्या. १९६१ च्या जुलैमध्ये 'के-१९' या सोव्हिएत पाणबुडीचं थंडाव्याचं पाणी गेलं. आत जाऊन नवी पाइपलाइन वेल्डिंग करणारी आठ माणसं काही आठवड्यांत मेली. भट्टी बंद केल्यानंतरही इंधन लगेच थंड होत नाही, पहिल्या क्षणांत सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते. तेलाचा बर्नर बंद केला की जाळ मरतो, ही सवय असलेल्या माणसाला हे पचवायला वेळ लागतो.

उलट टोकाचा धडा 'थ्रेशर'चा. १० एप्रिल १९६३ ला ही अमेरिकन पाणबुडी खोल बुडीच्या चाचणीत १२९ माणसांसह गेली. पाण्याच्या पाइपाचा जोड सुटला असावा, विजेत पाणी शिरलं असावं, भट्टी आपोआप बंद पडली, असा चौकशीचा अंदाज. तेव्हाचा नियम असा की भट्टी बंद पडली की वाफेचे मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचे. पण भट्टीत अजून ऊब होती, वाफ होती, आणि ती वर यायला थोडी तरी कामी आली असती. पुढे नियम बदलला. वाफ असताना व्हॉल्व्ह बंद करून बुडणं, यावर मी रात्री-अपरात्री विचार केलेला आहे.

'नॉटिलस'कडे परत येतो, कारण तिची एक हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १७ जानेवारी १९५५ ला ती अणुशक्तीवर निघाली. पहिल्या इंधनावर ती ६२ हजार मैलांच्या वर चालली. १९५८ मध्ये तिला उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून न्यायचं ठरलं, आणि तेव्हा कंडेन्सरमध्ये कुठेतरी समुद्राचं पाणी झिरपायला लागलं. फीडवॉटरमध्ये मीठ म्हणजे बॉयलरवाल्याचं दुःस्वप्न. गळती सापडेना. तेव्हा कॅप्टन अँडरसननं सिअॅटल बंदरात आपली माणसं साध्या कपड्यांत गावात पाठवली. त्यांनी पेट्रोलपंपांवरून मोटारीच्या रेडिएटरची गळती बुजवायचं औषध, दीड-दोन डॉलरला मिळणारे डबे, शंभराच्या वर विकत आणले. ते ओतलं. गळती थांबली. ३ ऑगस्टला ती महागडी पाणबुडी उत्तर ध्रुवाखालून गेली.

आता इंधनाचा हिशोब. निसर्गातल्या युरेनियममध्ये फुटणारं यू-२३५ फक्त ०.७ टक्के असतं. विजेच्या भट्ट्या बहुतेक तीन ते पाच टक्क्यांवर चालतात. अमेरिकन आणि ब्रिटिश आरमार नव्वद टक्क्यांहून जास्त समृद्ध युरेनियम वापरतं, म्हणजे बॉम्बच्या तोलामोलाचं. कारण जागेचं आणि दाराचं. समृद्ध इंधनात भट्टी लहान होते आणि वर्षानुवर्षं उघडावी लागत नाही. शिवाय भट्टी थांबवली की आत झेनॉन साठतो आणि न्यूट्रॉन गिळायला लागतो; दुबळ्या इंधनाची भट्टी अशा वेळी कित्येक तास पुन्हा पेटत नाही. लढाईतली बोट इतकी वाट बघू शकत नाही, तिला राखीव जोर लागतो. आज अमेरिकेच्या 'व्हर्जिनिया' जातीच्या पाणबुड्यांचं इंधन बोटीच्या पूर्ण आयुष्याला, तेहेतीस वर्षांना पुरेल असं भरलेलं असतं. भट्टीचं दार एकदाच बंद होतं.

फ्रेंचांनी उलट वाट धरली. त्यांची पहिली पाणबुडी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर आखली होती, ती इतकी अवजड होऊ लागली की १९५० च्या दशकाच्या शेवटी नाद सोडला. पुढे 'रुबी' जातीपासून त्यांनी विजेच्या भट्ट्यांसारखं कमी समृद्ध इंधन घेतलं. दहा वर्षांच्या आसपास इंधन बदलावं लागतं, म्हणून बोटीच्या पाठीवर त्यासाठी झाकणं ठेवली. बॉम्बच्या मालासाठी वेगळा कारखाना पोसावा लागत नाही. मला हा फ्रेंच काटकसरीपणा आवडतो. अमेरिकनांइतका पैसा नसलेल्यांनी तोच गिरवावा. ब्रिटिशांनी मात्र उसनवारी केली. त्यांची पहिली 'ड्रेडनॉट' १९६३ मध्ये आली ती अमेरिकन भट्टी घेऊन, आणि ब्रिटिश पुढच्या भागातून अमेरिकन मागच्या भागात जाण्याच्या दारावर खलाशांनी बर्लिनच्या 'चेकपॉइंट चार्ली'ची पाटी लावली.

व्यापारी जहाजांत हे का रुजलं नाही, हे माझ्या जातभाईंना माहीत आहे: पैसा. अमेरिकेची 'सवाना', जर्मनीची 'ऑटो हान', जपानची 'मुत्सु', तिन्ही देखण्या आणि तिन्ही तोट्यात. 'मुत्सु'तून १९७४ मध्ये पहिल्याच सफरीत न्यूट्रॉन झिरपले तेव्हा खलाशांनी बोरॉन मिसळलेला शिजवलेला भात फटीत भरला, आणि मच्छीमारांनी तिला बंदरात येऊ दिलं नाही. रशियाचे कित्येक बर्फफोडे मात्र 'लेनिन'पासून, म्हणजे १९५९ पासून आजपर्यंत अणूवरच चालतात. कारण बर्फात तेलाची टाकी घेऊन कोणी भेटायला येत नाही.

आपल्याकडे ही भट्टी ट्रॉम्ब्यात आखली गेली, भाभा अणुसंशोधन केंद्रात, फार गुपचूप आणि फार वर्षं. १९८८ मध्ये सोव्हिएत संघाकडून तीन वर्षांच्या भाड्यानं आलेल्या 'चक्र' या अणुपाणबुडीवर आपल्या माणसांचा हात बसला. मग रिकोव्हरचाच धडा: आधी जमिनीवर. कल्पाक्कमला पाणबुडीच्या कवचात बसवलेली भट्टी २००३ मध्ये सुरू झाली, २००६ पासून पूर्ण कामाला लागली, आणि हे लोकांना कळलं ते २००९ च्या ऑगस्टमध्ये, 'अरिहंत' ही आपली अणुपाणबुडी विशाखापट्टणमला पाण्यात सोडल्यावर. तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असलेल्या अनिल काकोडकरांनी रशियन सल्लागारांचे जाहीर आभार मानले. इंधनाचं समृद्धीकरण म्हैसूरजवळच्या रत्तेहळ्ळीचं. 'अरिहंत'ची भट्टी १० ऑगस्ट २०१३ ला पेटली. ८३ मेगावॉटचा आकडा छापून येतो. तो उष्णतेचा धरला तर पूर्ण जोरात दिवसभर चालायला यू-२३५ लागेल शंभर ग्रॅमच्या आसपास. माझ्या टँकरच्या दीडशे टनांसमोर हा आकडा मी दोनदा तपासून पाहिला.

आणि त्या वाफेनं फिरणारा मुख्य गिअरबॉक्स आला इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरहून, जिथे साखर कारखान्यांची यंत्रं बनत. वालचंद हिराचंदांनी १९१९ मध्ये 'लॉयल्टी' ही कोळशावरची बोट मुंबईहून लंडनला नेली आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी सुरू केली, तेही त्याच गावात जिथे पुढे 'अरिहंत' बांधली गेली. वर्तमानपत्रांनी भट्टीवर रकाने भरले. गिअरबॉक्सबद्दल चार ओळी. टर्बाइन हजारो फेरे घेतं आणि पंख्याला हवे असतात थोडे शेकडे. मधले ते दाते आवाज न करता कापणं किती अवघड असतं, हे ज्यानं रात्रपाळीत गिअरकेसला कान लावला त्याला विचारा.

राहिली गोष्ट भंगाराची. माझा पहिला टँकर तैवानमध्ये काउशुंगला तोडला, काही आठवड्यांत पत्रा वजनावर विकला गेला. अणुबोटींचं तसं होत नाही. अमेरिकन लोक जळलेलं इंधन काढून आयडाहोला नेतात, भट्टीचा भाग कापून वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डच्या एका उघड्या खंदकात ठेवतात. तिथे आता असे शंभराहून जास्त डबे रांगेत आहेत. ब्रिटिशांची 'ड्रेडनॉट' सतरा वर्षं समुद्रात राबली आणि १९८० मध्ये निवृत्त झाली. इंधन काढून ती स्कॉटलंडमध्ये रोसिथच्या गोदीत बांधून ठेवली. तिच्या मागे निवृत्त झालेल्या आणखी सहा बोटीही तिथेच येऊन बसल्या. सेवेच्या दुपटीहून जास्त काळ ती धक्क्याला काढून चुकली, आणि गोदीचं भाडं अजून चालूच.